चाक की पट्टा? पायदळाची चिलखती गाडी निवडताना



इयत्ता आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारं बल म्हणजे दाब. मुलं व्याख्या पाठ करतात, दोन उदाहरणं सोडवतात आणि पुढच्या पाठाकडे वळतात. पण याच व्याख्येशी आपल्या देशासमोरचा एक मोठा आणि महागडा निर्णय जोडलेला आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

निर्णय असा. आपल्या भूदलाच्या पायदळासाठी आधुनिक, आठ चाकांच्या चिलखती गाड्या घ्यायच्या का? घ्यायच्या तर कोणत्या? १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पंतप्रधान मोदी आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांच्या भेटीनंतर जे संयुक्त निवेदन निघालं, त्यात 'स्ट्रायकर' या अमेरिकी गाडीची खरेदी आणि भारतात तिचं सहउत्पादन करण्याचा मनोदय स्पष्ट लिहिला होता. दुसरीकडे आपल्याच महाराष्ट्रात, अहिल्यानगरला, डीआरडीओची 'व्हीआरडीई' ही वाहन-संशोधन संस्था आहे. तिने टाटांबरोबर 'व्हॅप' नावाची आठ चाकी चिलखती गाडी तयार केलेली आहे.

यावर घरोघरी चर्चा होते तेव्हा दोन गट पडतात. एक म्हणतो, अमेरिकन आहे म्हणजे उत्तमच असणार. दुसरा म्हणतो, काहीही झालं तरी स्वदेशीच. दोन्ही गट गाडीवरचा झेंडा बघतात. गाडीखालची जमीन कोणी बघत नाही!

माझं मत आधीच सांगून टाकतो. पायदळाला चाकांच्या चिलखती गाड्या हव्यात, आणि लवकर हव्यात. मात्र पट्ट्यांच्या गाड्यांची जागा त्या घेऊ शकणार नाहीत. आणि कोणती गाडी घ्यायची हे आपल्या जमिनीवरच्या कसून चाचण्यांनी ठरावं. दोन देशांच्या मैत्रीच्या निवेदनाने ते ठरू नये. आता हे मत कशाच्या आधारावर, ते पाहू.

पायदळाला गाडी कशाला?

नावातच 'पाय' आहे, मग गाडी कशाला, असं एखादा विद्यार्थी हमखास विचारेल. प्रश्न चांगला आहे. पायदळाचा जवान शेवटची लढाई पायांवरच लढतो. डोंगर चढायचा, घर तपासायचं, ठाणं ताब्यात घ्यायचं, ही कामं माणसालाच करावी लागतात. पण त्या जागेपर्यंत त्याला जिवंत आणि ताज्या दमाने पोचवायचं कसं, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे यांत्रिक पायदळ म्हणजे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री आहे. १९७९ मध्ये या रेजिमेंटची उभारणी झाली आणि तिचं प्रशिक्षण केंद्रही अहिल्यानगरलाच आहे. त्यांच्याकडे 'बीएमपी-२' ही गाडी असते. मूळ सोव्हिएत रचनेची, आपल्याकडे 'सारथ' नावाने तेलंगणातल्या मेडकच्या कारखान्यात बनलेली. वजन साधारण १४ टन, आत तीन जणांचा चालक दल आणि सात जवान. ती चाकांवर चालत नाही, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालते. पण पायदळाच्या बहुतेक पलटणी यांत्रिक नाहीत. त्या ट्रकमधून पुढे जातात. ट्रकच्या पत्र्यातून साधी गोळीसुद्धा आरपार जाते, मग तोफगोळ्याच्या तुकड्यांची गोष्टच सोडा.

सातारा जिल्ह्यात 'अपशिंगे मिलिटरी' नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून घरटी सैनिक देणारं गाव म्हणून ते ओळखलं जातं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वर्गात अशा घरांतली मुलं बसलेली असतात. म्हणून हा विषय 'संरक्षणतज्ज्ञांचा' म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. त्या गाडीत किंवा त्या ट्रकमध्ये बसणारा जवान उद्या आपलाच विद्यार्थी असणार आहे.

साध्या गाडीत बसण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला. साध्या वाहनातून निघालेले १५ पोलीस आणि वाहनाचा चालक जागीच गेले. ते पोलीस होते, सैन्य नव्हे, हे खरं. पण सुरुंग गणवेश बघून फुटत नाही. खालून आलेला स्फोट सपाट तळावर आदळला की सगळा धक्का सरळ वर जातो. तळ होडीसारखा, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा उतरता असेल तर तोच धक्का बराचसा दोन्ही बाजूंना फाकतो. माणसं वाचण्याची शक्यता वाढते. आधुनिक चिलखती गाडीत हा तळ असतो. ट्रकला तो नसतो.

चिखलात कोण जिंकतं?

आता चाक आणि पट्टा यांचा हिशेब. इथे आपला आठवीचा पाठ कामाला येतो.

समजा २४ टनांची गाडी आठ चाकांवर उभी आहे. प्रत्येक चाकावर तीन टन. कडक रस्त्यावर चाकाचा जमिनीला टेकणारा भाग केवढासा? एका ताटाएवढाही नाही. म्हणजे बल मोठं, क्षेत्रफळ लहान, दाब जास्त. पट्ट्याची गाडी आपलं वजन दोन लांबलचक पट्ट्यांवर पसरवते. चौदा टनांच्या बीएमपीचा जमिनीवरचा दाब हा उभ्या माणसाच्या तळपायाखाली पडणाऱ्या दाबाच्या आसपासच असतो. ऐकून खरं वाटत नाही, पण मुलांकडून गणित करून घ्या, पटेल.

शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर नेताना तो साधी चाकं घेऊन आत शिरत नाही, लोखंडी केज व्हील लावतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतली की काय होतं, हे तिथल्या मुलांना पाठ असतं. मऊ जमीन, दलदल, सैल वाळू, खंदक, या ठिकाणी पट्टा जिंकतो.

मग चाक हवंच कशाला? कारण रस्त्यावर चित्र उलटं होतं. पट्टे रस्त्यावर लवकर झिजतात, इंधन जास्त पितात, आवाज प्रचंड करतात. म्हणून तर रणगाडे लांबच्या प्रवासाला रेल्वेने किंवा मोठ्या ट्रेलरवरून नेतात. बीएमपी-२ चा रस्त्यावरचा कमाल वेग ताशी ६५ किलोमीटर. स्ट्रायकरसारखी चाकी गाडी ताशी शंभरच्या जवळ जाते, आणि स्वतःच्या चाकांवर शेकडो किलोमीटर जाते. सुरुंगाने पट्टा तुटला की गाडी जागेवर बसते. आठातलं एखादं चाक उडालं तरी चाकी गाडी बहुतेक वेळा रखडत का होईना, बाहेर पडते. आधुनिक चाकी गाड्यांत आणखी एक सोय असते. चालक आत बसल्या बसल्या टायरमधली हवा कमी-जास्त करू शकतो. वाळू आली की हवा कमी, म्हणजे टायर पसरतो, क्षेत्रफळ वाढतं, दाब घटतो. पुन्हा तोच पाठ!

तेव्हा 'चाक चांगलं की पट्टा चांगला' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. 'कुठे?' असं आधी विचारावं लागतं.

रस्ता झाला, मग चाक आलं

२०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर लडाखमध्ये आपल्या सैन्याने टी-७२, टी-९० रणगाडे आणि बीएमपी-२ गाड्या चढवल्या. त्या काळात दरबूकपासून श्योकमार्गे दौलत बेग ओल्डीपर्यंत जाणाऱ्या २५५ किलोमीटरच्या रस्त्याचं नाव सगळ्यांना कळलं. याच रस्त्यावर श्योक नदीवर कर्नल चेवांग रिंचेन सेतू आहे, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झालं. हा रस्ता आणि हा पूल नसता तर तिथे जड चाकी गाडीचा विचारही व्यर्थ होता. आज रस्ता आहे, म्हणून पायदळाची एक तुकडी काही तासांत एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सुरक्षित नेणारी गाडी तिथे उपयोगाची ठरते.

पण लडाख गाडीची कडक परीक्षा घेतं. दौलत बेग ओल्डी सुमारे ५,००० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. हवा विरळ म्हणजे ऑक्सिजन कमी. इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ताकद घटते. थंडीत साधं डिझेल गोठायला लागतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल आणलं. जी गाडी दुसऱ्या देशाच्या मैदानात पळते ती इथे धापा टाकू शकते. कागदावरच्या अश्वशक्तीवर म्हणूनच विसंबून चालत नाही.

पंजाबमध्ये दुसरीच परीक्षा. तिथे नद्या आहेत, कालव्यांचं जाळं आहे. युद्धाच्या पहिल्या दिवशी पूल उडवले जातात हे गृहीत धरावं लागतं. बीएमपी-२ पाण्यात तरंगत पोहून पलीकडे जाते. व्हॅपची रचनाही पाण्यात उतरता यावं अशीच केलेली आहे. स्ट्रायकरची मूळ रचना पोहणारी नाही. मग राजस्थानच्या वाळूत तिसरी परीक्षा. एकच गाडी तीन पेपरांत पहिली येईलच असं नाही, हे आपल्याला शिक्षक म्हणून वेगळं सांगायला नको.

स्ट्रायकरची गोष्ट काय शिकवते?

स्ट्रायकरला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. उलट तिच्या इतिहासातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

१९९९ मध्ये अमेरिकी लष्कराचे प्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी एक अडचण मांडली. आपले रणगाडे इतके जड की पोचायला आठवडे लागतात. आपलं हलकं पायदळ लवकर पोचतं, पण पोचल्यावर त्याच्याकडे चिलखत नसतं. मधलं काहीतरी हवं. एक ब्रिगेड ९६ तासांत जगात कुठेही पोचली पाहिजे, असं ध्येय त्यांनी ठेवलं. म्हणजे बघा, आधी गरज ठरली, मग गाडी शोधली. आणि गाडी कुठून घेतली? स्वित्झर्लंडच्या 'पिराना' गाडीवरून कॅनडाने आपली गाडी बनवली होती, तिच्यावरून अमेरिकेची स्ट्रायकर आली. अमेरिकेसारख्या देशाला दुसऱ्याची रचना घ्यायला लाज वाटली नाही. 'परकं ते सगळं वाईट' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरा धडा त्याहून मोठा. २००३ च्या अखेरीस ही गाडी इराकमध्ये गेली तेव्हा खांद्यावरून डागायच्या रॉकेटांपासून वाचवण्यासाठी तिच्याभोवती लोखंडी गजांचा पिंजरा बसवावा लागला. पुढे अफगाणिस्तानात तिचा सपाट तळ भूसुरुंगांपुढे कमी पडला, जवान दगावले. २०११ पासून दुहेरी 'व्ही' तळाच्या स्ट्रायकर तिथे पोचू लागल्या. युरोपात रशियासमोर उभं राहायचं म्हटल्यावर काही गाड्यांवर ३० मिलिमीटरची तोफ चढवली गेली. आणि १०५ मिलिमीटर तोफेचा जो प्रकार मोठ्या अपेक्षेने बनवला होता, तो २०२२ मध्ये सेवेतून काढून टाकला.

यातून काय कळतं? अशी गाडी विकत घेतली म्हणजे काम संपलं असं नसतं. वीस-तीस वर्षं ती सतत बदलावी लागते. शत्रू नवं शस्त्र आणतो, आपण गाडीत नवा बदल करतो. आता हा बदल करण्याचं ज्ञान, आराखडे आणि परवानगी ज्याच्या हातात, तोच गाडीचा खरा मालक. आपण गाड्या घेतल्या आणि तळ बदलायला, चिलखत वाढवायला किंवा सुटा भाग बनवायला दर वेळी परदेशाची परवानगी लागली, तर ती गाडी आपली म्हणायची का?

घरची गाडी

म्हणून माझा कल व्हॅपकडे आहे. कारण भावनेचं नाही, व्यवहाराचं आहे. तिचे आराखडे आपल्याकडे आहेत. उद्या लडाखमध्ये इंजिन तापलं तर ज्यांनी गाडी बनवली ते अभियंते अहिल्यानगरहून तिथे जाऊ शकतात.

एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी टाटांच्या अशा काही गाड्या सैन्यात दाखल करून घेतल्या. त्याच कार्यक्रमात पुण्याच्या भारत फोर्जच्या सुरुंगरोधक गाड्याही होत्या. आणि गंमत अशी की व्हॅपची मोठी मागणी आधी आली ती मोरोक्कोकडून. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे बेरशीद इथे टाटांच्या कारखान्याचं उद्घाटन आपल्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते झालं. परक्या सैन्याला जी गाडी चालते, तिची आपल्या पायदळासाठी मोठी खरेदी होण्याआधी आपण दुसऱ्याच्या दुकानात चौकशी करतो, हे मला खटकतं.

पण घरची आहे म्हणून तिला ग्रेस मार्क देऊ नयेत. तिलाही तोच पेपर, तीच उंची, तीच वाळू, तोच कालवा. नापास झाली तर दुरुस्ती करून पुन्हा बसवा. स्ट्रायकर सगळ्या पेपरांत खरोखरच वरचढ ठरली तर घ्या, पण संपूर्ण तंत्रज्ञानासह घ्या. नुसते सुटे भाग आणून इथे नटबोल्ट आवळण्याला सहउत्पादन म्हणू नये.

उशीर मात्र परवडणारा नाही. बीएमपीची जागा घेणाऱ्या नव्या पट्ट्यांच्या गाडीची चर्चा आपल्याकडे दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहे. जून २०२१ मध्ये सैन्याने अशा १,७५० गाड्यांसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली होती. चाकी गाडीच्या बाबतीतही तसंच कागद फिरत राहिले, तर तोवर जवान ट्रकमध्येच बसलेला राहील.

काही रास्त शंका

'आता ड्रोनचा जमाना आहे, युक्रेनमध्ये चिलखती गाड्या जळताना आपण पाहिल्या, मग या कशाला?' शंका योग्य आहे. ड्रोनने चिलखती गाडीची भीती संपवली हे खरं. पण ज्या ड्रोनपुढे चिलखत अपुरं पडतं, त्याच्यापुढे ट्रकची काय कथा? युक्रेनच्या जवानांना स्ट्रायकरसह मिळेल ती चिलखती गाडी हवीच होती, कारण तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून तीच वाचवते. ड्रोनविरोधी साधनं त्या गाडीवर बसवावी लागतील, हा निष्कर्ष बरोबर. गाडीच नको, हा चूक.

'एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या?' हा प्रश्न तर आपणच विचारायला हवा, कारण गळक्या छपराखाली आपण शिकवलेलं आहे. माझं उत्तर असं की प्रश्न विचारणं हे देशविरोधी मुळीच नाही. पैसा जनतेचा आहे. म्हणूनच खरेदी गरजेतून व्हावी आणि चाचणीतून व्हावी. कोणाला खूश करण्यासाठी घेतलेली एक गाडी म्हणजे जवानाचंही नुकसान आणि शाळेचंही.

'मुलांना हत्यारांबद्दल कशाला सांगायचं?' एका पालकाला असं वाटणं स्वाभाविक आहे. मुलं मोबाइलवर रणगाडे उडवतच असतात. तिथे गाडी जळते पण आत माणूस नसतो. खऱ्या गाडीत माणसं असतात, त्यांना घर असतं, हे आपण सांगायचं की नाही?

वर्गात काय करता येईल?

एका ट्रेमध्ये ओली वाळू घ्या. एक वीट आधी उभी ठेवा, मग आडवी. दोन्ही वेळा किती मिलिमीटर रुतली ते पट्टीने मोजायला सांगा. वीट तीच, वजन तेच, मग फरक कशाचा? उत्तर मुलांनाच शोधू द्या.

नंतर भूगोलाचा नकाशा फळ्यावर लावा आणि चार गट करा. लडाख, पंजाब, राजस्थान आणि गडचिरोलीचं जंगल. प्रत्येक गटाने आपल्या भागासाठी चाक की पट्टा ते ठरवायचं आणि तीन कारणं लिहायची. शेवटी सांगायचं की पैसे एकाच प्रकारच्या गाडीपुरते आहेत, आता चौघांनी मिळून ठरवा. बघा कसा वाद रंगतो ते! भांडण नको म्हणून लगेच मध्ये पडू नका. संरक्षण मंत्रालयातही याच प्रश्नावर वाद होतात.

सहलीचा विचार असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय जरूर दाखवा. तिथे मुलं गाडीवर चढून फोटो काढण्यात रमतील, रमू द्या. पण परत निघण्याआधी त्यांना खाली वाकून चाकं, पट्टे आणि तळ बघायला सांगा, आणि गाडीत बसणारा माणूस कुठे बसत असेल ते विचारा.

आपल्या वर्गातल्या चार गटांनी शेवटी कोणती गाडी निवडली आणि का, हे आम्हाला नक्की कळवा.